बंद पंख्यांचा हॉल

नोकरी कुठे होती असं कुणी विचारलं की मी सांगते, बबलगमच्या कंपनीत. समोरचा माणूस लगेच हसतो. बँकेत होते म्हटलं तर लोक मान डोलावतात, शाळेत होते म्हटलं तर नमस्कार करतात, बबलगम म्हटलं की हसतात. माझ्या सासूबाईंनी तर लग्नाच्या वेळी सगळ्या नातेवाइकांना ‘मुलगी औषधाच्या कंपनीत आहे’ असं सांगून टाकलं होतं. पुढे कुणी डोकेदुखीच्या गोळ्या मागायला आलं की मी गमची पाकिटं हातावर ठेवायची.

तेव्हा हसून घ्या. नंतर हसण्यासारखं फारसं काही नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मालक गेले, त्यांची मुलं चांगल्या ठिकाणी आहेत, त्यांना त्रास नको. गमचं नाव तेवढं सांगते, ‘चौकार’. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आमची बैठी शेड होती. एका अंगाला रंगाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला औषधांच्या कच्च्या मालाचा. मधल्या नाल्याचं पाणी एके दिवशी जांभळं, दुसऱ्या दिवशी पोपटी. तिथली माणसं सुटली की डोळे चोळत बाहेर पडायची, कुणाच्या हाताला फोड, कुणाच्या मनगटाला पट्टी. आम्ही बायका मात्र स्ट्रॉबेरीचा वास घेऊन घरी जायचो. कोपऱ्यावरचा पानवाला लांबून म्हणायचा, “आला बगीचा!” त्या शेजारच्या कामगारांची आम्हाला मनापासून दया यायची. आम्ही स्वतःला फार नशीबवान समजत होतो.

गम कसा होतो ते थोडक्यात सांगते. गमचा बेस म्हणून रबरासारखी एक लादी येते. ती कढईत वितळवायची, त्यात साखर, ग्लुकोजचा पाक, रंग आणि वास घालायचा, मळून मळून त्याचा गोळा करायचा. बाकीच्या कंपन्या गोल किंवा चौकोनी तुकडे करत. आमचा गम पत्त्यासारखा चपटा असे, कारण त्याच्याबरोबर एक क्रिकेटचं कार्ड जायचं. लाटलेली पट्टी कापायची, पावडरीत घोळवायची, वर कार्ड ठेवायचं आणि मेणकागदात गुंडाळायची. पोरं गम दोन मिनिटांत थुंकून टाकत, कार्ड मात्र कंपासपेटीत जपून ठेवत. आम्ही गम विकतो असं फक्त आमच्या शेठना वाटायचं.

खऱ्या खेळाडूंचे फोटो छापायचे तर परवानगी लागते. शेठनी ठाण्यातला एक पेंटर गाठला. दुकानाच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. त्याला सांगितलं, क्रिकेटर वाटले पाहिजेत, पण कुणासारखे वाटता कामा नयेत. त्या बिचाऱ्यानं ओळखीपाळखीच्या लोकांचे चेहरे घेतले. ‘डावखुरा सलामीवीर’ म्हणजे त्याचा मेहुणा. ‘फिरकीचा जादूगार’ म्हणजे कल्याणच्या एका दवाखान्यातला कंपाउंडर. हा कंपाउंडर एकदा पेढे घेऊन आमच्या गेटवर आला. म्हणाला, “मॅडम, पोरं दवाखान्यात माझी सही घ्यायला येतात. इंजेक्शन घेताना रडतपण नाहीत.” मी पेढा घेतला.

माझं काम कार्डांच्या खोलीत. छापून, कापून आलेली कार्डं पिसायची, म्हणजे एका पेटीत एकच खेळाडू जाऊ नये, हे मी बघायची. पूर्ण संघ जमवणाऱ्याला कंपनीकडून बॅट मिळायची. अर्थात संघ जमू नये याची सोय आधीच केलेली होती. कर्णधाराचं कार्ड मुद्दाम कमी छापलेलं असे. ते माझ्या कपाटात, आणि किल्ली माझ्या कमरेला. एकदा एक निवृत्त हेडमास्तर नातवाची चळत घेऊन तावातावानं आले. सगळेच्या सगळे यष्टिरक्षक. “बाई, हा संघ मैदानावर उतरला तर बॉल टाकणार कोण?” मी त्यांना चहा पाजला, दोन पाकिटं दिली, कर्णधार दिला नाही. नियम म्हणजे नियम. आता वाटतं, द्यायला हरकत नव्हती.

आता पावडरीचं सांगते, म्हणजे शकूचंही सांगावं लागेल.

शकुंतला कल्याणजवळच्या मोहन्याची. आम्ही दोघी एकाच महिन्यात लागलो. मी दहावी पास म्हणून कार्डांच्या खोलीत, ती सातवीपर्यंत शिकलेली म्हणून गुंडाळणीच्या हॉलमध्ये. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, पुढे झालेला एक मुलगा, घरात बुद्धाची पितळेची मूर्ती आणि तिच्याहून चकचकीत भांडी. जीभ अशी तिखट की शेठसुद्धा तिच्या टेबलावरून लवकर पुढे सरकत. ती पावडरीच्या ट्रेवर बसायची. पट्टी पावडरीत दाबायची, उचलून मनगटाचा एक झटका द्यायचा, जास्तीची पावडर खाली, कार्ड वर, पट्टी पुढे. जोरात झटकलं तर पट्टी उघडी पडून कार्डाला चिकटते, हळू झटकलं तर पाकिटात पीठच पीठ. नव्या मुलींना ‘शकूचा झटका’ शिकायला दोन-दोन महिने लागत. तिच्या हाताखालून गेलेलं कार्ड कधी डागाळलं नाही.

सुरुवातीला ही पावडर म्हणजे पिठीसाखर आणि मक्याचं पीठ होतं. पावसाळ्यात त्याला पाणी सुटायचं, गम कार्डाला चिकटायचा, फाडून काढताना सलामीवीराचं अर्धं तोंड निघून यायचं. त्यात मुंग्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दुकानदार पेट्या परत पाठवायला लागले. मग शेठनी शंखजिऱ्याची पोती आणली. रांगोळीत घालतात तेच, दगडाचं पीठ. ना त्याला पाणी सुटायचं, ना मुंगी लागायची. कार्डं कशी नवीकोरी राहिली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि हॉलमध्ये पंखे होते, पण ते लावायचे नसत. कारण सोपं आहे. कार्ड हलकं, मेणकागद त्याहून हलका. पंखा लावला की टेबलावरचा संघ उडून जमिनीवर. वेचायचा, पुसायचा, पुन्हा पिसायचा. बायकांना पाकिटांवर मजुरी, मग वेचत बसणार कोण? खिडक्याही बंद, कडांना चिकटपट्टी. गमला शेजारचा वास पटकन लागतो. एकदा अख्खा घाणा औषधासारखा लागला म्हणून टाकून द्यावा लागला होता. त्यामुळे हॉल चारी बाजूंनी बंद, उकाडा असा की पाठीवरून धारा, आणि त्या बंद हवेत दिवसभर पांढरं धुकं. कुणी नवी मुलगी उठून पंख्याचं बटण दाबायची की सगळा हॉल एका आवाजात ओरडायचा, “पंखाऽ!” त्यात शकूचा आवाज सगळ्यात मोठा. आम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पंखे आमचे आम्हीच बंद ठेवले होते.

काही वर्षांनी शकूला खोकला लागला. कोरडा. स्टेशनचा जिना चढताना ती मध्ये थांबायला लागली. मी शेठकडे गेले, म्हटलं, परत मक्याचं पीठ आणू या, निदान ट्रेवर. शेठ वाईट माणूस नव्हते. शकूच्या मुलाच्या बारशाला चांदीचा वाळा घेऊन आले होते. त्यांनी चिमूटभर शंखजिरं घेतलं, माझ्यासमोर जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, “अहो बाई, लहान बाळाच्या अंगाला लावतो आपण. यानं काय होतंय?” त्यांचा त्याच्यावर खरोखर विश्वास होता. माझाही बसला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढला, छातीत डाग दिसले. विचारलं, “काम काय करता?” शकू म्हणाली, “बबलगमच्या कंपनीत.” डॉक्टर हसले. मग म्हणाले, टीबी.

थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण फोटोत दिसतंय ना, मग टीबीच. खाण्याच्या वस्तूवर टीबीचा माणूस बसवता येत नाही, हा नियमही बरोबर आहे. शेठनी तिला हिशेब चुकता करून घरी पाठवलं. ती जाताना तिच्या टेबलाजवळ कुणी गेलं नाही. ज्यांना तिनं झटका शिकवला त्या पोरी भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी गेले, पण मीसुद्धा हात मागे बांधून उभी होते. शकूनं ते पाहिलं. “जाते गं मीना. पंखा लावू नकोस हां, कर्णधार उडेल,” म्हणाली.

सहा महिने गोळ्या झाल्या, खोकला तसाच. पुन्हा टीबी, पुन्हा गोळ्या, वर इंजेक्शनं. मधल्या काळात कंपनीही बसली. पोरांच्या हातात मोबाइल आले, कार्डं नकोशी झाली, शेठ गेले, शेडमध्ये कुणीतरी टाइल्सचं गोडाऊन केलं. मी घरी बसले. शकूकडे महिन्यातून एकदा जायची. तिच्या घरात तिचा कप वेगळा, ताट वेगळं, अंथरूण वेगळ्या खोलीत. मुलगा रिक्षा चालवतो. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, यशोधरा, सगळ्यांची यशू. सून दीपा कामाला वाघ आणि सासूचं सगळं वेळेवर करणारी, पण यशूला तिनं त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. तिचा मामा टीबीनं गेला होता, घरातल्या दोन पोरांना देऊन गेला होता. ती तिच्या जागी बरोबर होती.

शकूला औषधाचं काही वाटत नव्हतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली तरी ती विनोद करायची, “बघ, आता मलाच पंखा लावलाय.” पण यशू बाहेर खेळताना हसली की ती बोलता बोलता थांबायची. एकदा मला म्हणाली, “मीना, मी या पोरीला अजून हात लावलेला नाही गं. पाच वर्षांची झाली. तिच्या डोक्याचा वास कसा आहे तेपण मला माहीत नाही.” मी तिची चादर नीट केली आणि खाली येऊन रडले.

मग ठाण्याच्या एका इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिनं नळी घालून फुप्फुसाचा तुकडा काढला, तपासला आणि शकूला विचारलं, “आजी, तुम्ही दगडाच्या खाणीत होतात का?” शकू म्हणाली, “नाय ओ, बबलगम.” ही डॉक्टर हसली नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “त्यात काय काय असतं ते सगळं सांगा मला.”

रात्रीचं जेवण टाकून शकूनं मला फोन केला. “मीना, ती आपली पावडर... डॉक्टर म्हणते बहुतेक तीच बसलीय आत. टीबी नव्हताच बहुतेक.” मागून दीपाचा आवाज आला, “काकी, बहुतेकवर मी पोरीला कशी देऊ? डॉक्टरला सांगा नक्की सांगायला.” डॉक्टरचं म्हणणं, पावडरीचा नमुना मिळाला तर फुप्फुसात जे सापडलंय त्याच्याशी पडताळून नक्की सांगते. आता इतक्या वर्षांनी नमुना आणायचा कुठून? गोडाऊनमध्ये जाऊन आले. फरशी बदललेली, भिंती रंगवलेल्या. तिथल्या मॅनेजरला वाटलं, मी टाइल्स बघायला आलेय.

तेव्हा मला सौरभ आठवला. बाळकुमला मोठ्या सोसायटीत राहणारा, चाळिशीचा, कॉम्प्युटरवाला. वर्षभर माझ्या मागे लागला होता, “काकू, ‘चौकार’चा इतिहास सांगा ना, मी लिहितोय.” मी त्याला म्हणायची, इतिहास राजांचा असतो, आमची शेड होती. त्याच्याकडे कार्डांचा पूर्ण संघ होता, कर्णधारासकट. आणि कधीच न उघडलेलं एक पाकीट, काचेच्या डबीत. बहुधा जगातलं शेवटचं. फोटो काढताना मला हातही लावू दिला नव्हता त्यानं.

मी त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्याची बायको चहा ठेवून गेली, त्यावर साय धरली. मला वाटलं, आता हा म्हणणार, काकू, दुसरं काहीही मागा. मी उठायलाच निघाले होते. तो म्हणाला, “बसा. स्टीलची ताटली चालेल ना?”

ब्लेडनं त्यानं मेणकागदाची घडी इतकी हळू सोडवली की मला शकूचे हात आठवले. गम कौलासारखा झाला होता, उघडताच त्याचे तुकडे झाले. ताटलीत पांढरी चिमूट पडली. वरचं कार्ड फिरकीचा जादूगार, जसं काही काल छापलेलं. सौरभनं ते उचललं, तोंडाजवळ नेलं आणि गाल फुगवले.

“फुंकू नकोस!” मी इतक्या जोरात ओरडले की त्याची बायको आतून धावत आली.

तो ओशाळला. “सॉरी काकू. लहानपणीची सवय. आम्ही सगळे पावडर फुंकूनच कार्ड बघायचो.” मग कार्ड खाली ठेवून त्यानं विचारलं, “मग आम्हालापण काही...?” मी म्हटलं, तुम्ही एक फुंकर मारत होता रे, ती दिवसभर त्यातच बसायची. ती चिमूट कार्डासकट त्यानं प्लॅस्टिकच्या डबीत भरली आणि स्वतः गाडीनं मला इस्पितळात घेऊन गेला.

अहवाल यायला वेळ लागला. तोपर्यंत शकूचं बोलणंही तुटक झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी दीपाला, मुलाला आणि मला समोर बसवून सांगितलं. टीबी नाही. कधीच नव्हता. फुप्फुसात दगडाचं पीठ बसलंय, तेच जे डबीत आहे. ते आता निघत नाही, आणि बरं करणारं औषध नाही. पण हे कुणाकडून कुणाला लागत नाही. दीपानं दोनदा विचारलं, “नक्की?” डॉक्टर दोनदा म्हणाल्या, “नक्की.” दीपा तिथेच खुर्चीत तोंड झाकून रडायला लागली. “पाच वर्षं काकी, मी पाच वर्षं त्यांचं ताट वेगळं घासलं.” मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची चूक नव्हती, पण हे त्या वेळी तिला काय सांगणार?

मोहन्याला पोचलो तेव्हा यशू शाळेतून आलेली होती. शकूला उशीला टेकवून बसवलं. तिनं हातानंच केस सारखे केले, पदर नीट घेतला. नवरी बघायला पाहुणे यावेत तशी तिची तयारी चालली होती. दीपानं यशूचा हात धरून तिला उंबऱ्यावर आणलं. “जा बाळा, आजीकडे जा. आता काही होत नाही. जा.”

यशू उंबऱ्यावर थांबली. आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. आणि फ्रॉकचा घोळ दोन्ही हातांनी उचलून तिनं नाकातोंडावर घट्ट दाबून धरला. कुणी सांगितलं नव्हतं तिला त्या वेळी. तिला ते चालण्या-बोलण्याबरोबरच शिकवलेलं होतं. दीपा तिचे हात ओढायला लागली तशी ती किंचाळली आणि आईच्या मागे जाऊन लपली.

“ओढू नको तिला,” शकू म्हणाली. मध्ये दम घेतला. “लाव, दार लाव. घाबरतेय पोर.”

त्यानंतर शकू नऊ दिवस होती. दीपा रोज यशूला उंबऱ्यापर्यंत आणायची, काहीबाही आमिष दाखवायची. यशू आत पाऊल टाकायची नाही. शकू गेली त्या सकाळी, माणसं जमायच्या आधी, दीपानं तिला कडेवर घेऊन आत नेलं आणि आजीच्या पायांवर तिचा हात ठेवला. मी तिथेच उभी होते. यशूनं हात चटकन मागे घेतला, आणि मोरीत जाऊन, तिला शिकवलं होतं तसा, साबण लावून धुतला.